वेताळाचा सिनेमा यायला साठ वर्षं का लागली?

गावभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी मामाच्या घरी माळा आवरायला गेलो होतो. घर सांगलीत गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा तळमजल्यात पुरुषभर पाणी होतं. मामानं इंद्रजाल कॉमिक्सचे अंक दहा-दहाचे गठ्ठे बांधून, वर खाकी पुठ्ठा घालून दोन ट्रंकांत ठेवले होते. खालची ट्रंक गेली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत कागदाचा एकच लगदा होता. माळ्यावरची तेवढी राहिली. तीत जादूगार मँड्रेक आहे, बहादूर आहे, आणि निम्म्याहून जास्त वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, जंगलातला मुखवटेवाला नायक.

मामा आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. एक अंक चाळता चाळता म्हणाला, "बाळ्या, कालपरवाच्या पोरांचे एकेकाचे सात-सात सिनेमे झाले. ह्यो सगळ्यांच्या आधीचा. ह्याचा एकच का रं?"

मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आठवडाभर वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथं मांडतो, कारण इथं माझ्यासारखे बरेच जण आहेत.

ली फॉक या अमेरिकन लेखकानं वेताळ आणला १७ फेब्रुवारी १९३६ ला. तेव्हा फॉक चोवीस वर्षांचा होता आणि मँड्रेक सुरू होऊन दीडएक वर्ष झालं होतं. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा हे दोन्ही वेताळाकडं त्यांच्या आधी होतं. मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. फॉकच्या मनात आधी जंगल नव्हतंच. जिमी वेल्स नावाचा शहरातला एक श्रीमंत, आळशी तरुण रात्री मुखवटा घालून गुन्हेगारांच्या मागं लागतो, अशी कल्पना होती. पहिलीच कथा छापून येत असताना त्याचं मन बदललं. त्यानं नायकाला जंगलात नेलं, कवटीची गुहा दिली, बापाकडून मुलाकडं येणारी शपथ दिली, आणि हा एकविसावा वेताळ आहे असं ठरवलं.

ही शपथ १५३६ ची. चाच्यांनी जहाज लुटलं, बाप मारला गेला, मुलगा एकटा वाहत किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन त्यानं शपथ घेतली. चारशे वर्षं हे चाललंय, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की माणूस एकच आहे आणि तो मरत नाही. चालतंफिरतं भूत. त्याच्याकडं कसलीही अद्भुत शक्ती नाही. गोळी लागली तर रक्त येतं. लोकांचा विश्वास हीच त्याची ताकद.

पडद्यावर तो पहिल्यांदा आला १९४३ मध्ये. कोलंबिया स्टुडिओनं पंधरा भागांची चित्रमालिका काढली, थिएटरात दर आठवड्याला एक भाग. टॉम टायलर वेताळ झाला. त्यानं आधी १९४१ मध्ये कॅप्टन मार्व्हलही केला होता. उंच, काटक, चेहऱ्याची ठेवण अगदी चित्रातल्यासारखी. मी काही भाग पाहिले. पैसा कमी होता हे दिसतं, वेताळाच्या पाळीव लांडग्याच्या जागी कुत्रा आहे हेही दिसतं. पण तो माणूस सिंहासनावर बसला की बसला, शंका राहत नाही.

नंतर १९५५ चा प्रकार. कोलंबियानं दुसरी मालिका करायला घेतली आणि मध्येच लक्षात आलं की वेताळाचे हक्क आता आपल्याकडं नाहीत. मग पोशाख बदलला, नाव बदललं आणि तीच मालिका 'कॅप्टन आफ्रिका' म्हणून बाहेर पडली.

त्यानंतर चार दशकं हॉलिवूडकडून मोठ्या पडद्यावर काही नाही. मधल्या काळात कोणाला करायचा होता माहितीये? सर्जिओ लिओनेला. तोच, वेस्टर्न सिनेमांचा. त्यानं लिहायला घेतलं होतं, जागा बघायला सुरुवात केली होती, आणि वेताळानंतर मँड्रेक करायचा असा त्याचा बेत होता. १९८९ मध्ये तो गेला. त्याच्या सिनेमात डोळ्यांचे जे क्लोजअप असतात ते आठवा आणि मग बुबुळं नसलेला मुखवटा आठवा. मी त्या विचारानं एक रात्र झोपलो नाही.

त्याच १९८९ मध्ये बॅटमॅन तुफान चालला आणि हॉलिवूडवाले जुन्या नायकांच्या पेट्या उघडून बसले. १९९० ला डिक ट्रेसी, १९९१ ला जुन्या धाटणीचा रॉकेटियर, १९९४ ला शॅडो आणि ७ जून १९९६ ला वेताळ. जेफ्री बोमची पटकथा, सायमन विन्सरचं दिग्दर्शन, बिली झेन नायक. झेनला वेताळाचं वेड ऑस्ट्रेलियात एका सिनेमाच्या चित्रीकरणावेळी लागलं होतं. तिकडं वेताळ घराघरांत वाचला जातो. त्यानं भूमिकेसाठी इतका व्यायाम केला की पोशाखात खोटे स्नायू भरायची गरज उरली नाही.

सिनेमा पडला. पण माझं म्हणणं असं की तो चुकला नव्हता. त्यात वेताळ जांभळ्या पोशाखात उभा राहतो, घोड्यावर बसतो, चांगलं वागतो, आणि त्याबद्दल कोणी त्याची टर उडवत नाही. मामाला तो आवडला होता, तो याचसाठी. "त्यानं वेताळाचा मान राखला," एवढंच म्हणाला.

तुम्हाला काय वाटतं?

---

हळदपेठ

लई दिवसांनी कोणीतरी वेताळाचा विषय काढला. आमच्या वडिलांचं मार्केट यार्डात काम, सुट्टीत मी पोत्यांवर बसून वाचायचो. अंकाला हळदीचा वास आणि बोटाचे पिवळे ठसे. अजून एक अंक जपून ठेवलाय तसाच.

एक सांगतो. इंग्रजीत तो फँटम. आपल्याकडं ज्यानं कोणी 'वेताळ' नाव दिलं त्याला माझा दंडवत. आमच्या आजोळी गावाच्या शिवेवर वेताळबाचं ठाणं आहे, शेंदूर लावलेला धोंडा. आजी सांगायची, वेताळबा रात्री गावाला फेरी घालतो, त्याच्या वाटेत झोपायचं नाही. आता तुम्हीच बघा, चालतंफिरतं भूत, कोणी बघितलेलं नाही, वाईटाला धरतो, रानाची राखण करतो. मला कॉमिक्स वाचताना कधी वाटलंच नाही की हा परका आहे. मी आजीला चित्र दाखवलं होतं. ती म्हणाली, "घोडा बरा आहे."

सिनेमा मराठीत आला तर नाव वेताळच हवं.

---

माहुलीकर

साताऱ्याहून लिहितोय. गावभागकर, लेख मनापासून आवडला, पण शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही.

१९९६ चा सिनेमा आधी जो डांटे नावाचा दिग्दर्शक करणार होता. बोमची पटकथा त्याच्यासोबत तयार झाली ती गंमतीच्या अंगानं जाणारी. नंतर डांटे दिग्दर्शक राहिला नाही, नाव निर्मात्यांत राहिलं, आणि तीच पटकथा विन्सरनं गंभीर चेहऱ्यानं चित्रित केली. हसण्यासाठी लिहिलेला संवाद गंभीरपणे म्हटला की प्रेक्षक गोंधळतो. डांटेनंही नंतर तीच तक्रार केली आहे. तीन कवट्या एकत्र आल्या की जगावर राज्य, हे कथानक बघा. ते थोडं खट्याळपणे सांगायचंच कथानक आहे.

आकडे काय सांगतात? खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई जेमतेम पावणेदोन कोटी. त्याच शुक्रवारी 'द रॉक' लागला होता, 'मिशन इम्पॉसिबल' आणि 'ट्विस्टर' आधीच जोरात होते. तेव्हाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या अमेरिकन पोराला वेताळ कोण हेच ठाऊक नव्हतं. माझ्या मते खरं कारण हेच. वेताळ जिवंत होता तो स्वीडन-नॉर्वेत, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडं. तिकीट मात्र अमेरिकेत विकायचं होतं.

---

गावभागकर

माहुलीकर, पटकथेचा मुद्दा बरोबर आहे, मी तो टाळायला नको होता. पण उलटं करून बघा. तीच पटकथा गंमतीनं केली असती तर सगळ्यात आधी पोशाखावर विनोद आला असता. विन्सरनं ते होऊ दिलं नाही. पॅट्रिक मॅगूहन बापाच्या भुताच्या भूमिकेत येतो आणि मुलाशी बोलतो, ते प्रसंग मला खरे वाटतात. एकविसावा विसाव्याशी बोलतोय. तिथं कोणी डोळा मारला असता तर सगळं संपलं असतं.

---

करारनामा

मी पंधरा वर्षं करमणूक क्षेत्रातल्या करारांचं काम करतो, मूळचा विश्रामबागचा. लोकांना वाटतं सिनेमा रखडतो म्हणजे दिग्दर्शक मिळत नाही. बहुतेक वेळा कागद रखडलेला असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वेताळाचे हक्क फॉकच्या घरी नव्हते, वर्तमानपत्रांना चित्रकथा पुरवणाऱ्या किंग फीचर्स सिंडिकेट या कंपनीकडं होते. असल्या पात्रावर सिनेमा करायचा तर निर्माता आधी ठरावीक मुदतीसाठी थोडी रक्कम देऊन हक्क राखून ठेवतो. आपल्याकडच्या जमिनीच्या विसारासारखं समजा. त्या मुदतीत पटकथा, पैसा, नट, सगळं जमवायचं. नाही जमलं तर मुदत वाढवायची, नाहीतर हक्क परत. पण त्या काळात लिहून घेतलेली पटकथा ज्यानं पैसे दिले त्याची असते. पुढच्याला ती वापरायची तर आधीच्याचा खर्च भरून द्यावा लागतो. असे तीन-चार जण येऊन गेले की चित्रीकरणाआधीच सिनेमाच्या डोक्यावर कर्ज चढतं. मग नवा माणूस विचार करतो की यापेक्षा नवीनच पात्र घेऊ.

ग्रीन हॉर्नेट या दुसऱ्या मुखवटेवाल्या नायकाचं उदाहरण घ्या. तोही १९३६ चाच, जानेवारीतला, डेट्रॉइटच्या रेडिओवरचा. १९६६ ची टीव्ही मालिका सव्वीस भागांत आटोपली, पण तिच्यात नायकाचा साथीदार काटो म्हणजे ब्रूस ली, त्यामुळं नाव टिकलं. नव्वदच्या दशकात सिनेमाची जुळवाजुळव सुरू झाली. मिशेल गोंड्रीचं नाव तेव्हाच दिग्दर्शक म्हणून आलं होतं. मग स्टुडिओ बदलले, लेखक बदलले, नट बदलले. शेवटी सिनेमा लागला २०११ मध्ये, आणि दिग्दर्शक कोण? गोंड्रीच. मधल्या सगळ्या वर्षांत पात्राची तरुण पिढीशी ओळख तुटलेली.

आणि एक गोष्ट, जी वाचून मला माझ्याच पेशाबद्दल वाईट वाटलं होतं. लोन रेंजर हा मुखवटेवाला घोडेस्वार नायक टीव्हीवर साकारणारा क्लेटन मूर. मालिका संपल्यावरही तो अनेक वर्षं मुखवटा घालून गावोगावी मुलांना भेटायचा. हक्क ज्यांच्याकडं होते त्यांना नवा सिनेमा काढायचा होता, नवा तरुण नट घेऊन. त्यांनी १९७९ मध्ये कोर्टाकडून आदेश आणला की मूरनं मुखवटा घालून लोकांसमोर यायचं नाही. म्हातारा माणूस मुखवट्याऐवजी मोठा काळा गॉगल लावून मुलांना भेटत राहिला आणि खटला लढत राहिला. १९८१ चा तो नवा सिनेमा लोकांनी नाकारला. १९८४ मध्ये मूरला मुखवटा परत मिळाला.

मालकी कागदावर कोणाची आणि लोकांच्या मनात कोणाची, हे दोन वेगळे हिशेब आहेत. जुन्या नायकाच्या सिनेमाला दोन्ही जुळावे लागतात.

---

हळदपेठ

गॉगलची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं राव.

---

रंगपट

मी नाटकवाली. भावे नाट्यमंदिरात आयुष्यातल्या निम्म्या संध्याकाळी गेल्या आहेत, म्हणून मुखवट्याबद्दल बोलते.

नटाचं भांडवल म्हणजे डोळे. मुखवटा लावला की ते निम्मं जातं. आम्ही एका लोकनाट्यात अर्धे मुखवटे वापरले होते. पहिले आठ दिवस सगळी मंडळी मोठ्यानं बोलत होती, हातवारे वाढले होते. मग दिग्दर्शकानं सांगितलं, मान सावकाश वळवा, आधी मान आणि मग खांदा. आणि बोलायच्या आधी थांबा. त्या एका सूचनेनं मुखवटा जिवंत झाला. तोंडाच्या कोपऱ्यातला बारीक बदल शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला लागला.

वेताळाची अडचण याच्या पुढची आहे. चित्रात त्याला बुबुळं नाहीत, नुसती पांढरी जागा. चित्रकाराला ते सोपं आणि परिणाम जबरदस्त, कारण तो कोणाकडं बघतोय हे समोरच्याला कळत नाही. वेताळाचा उघडा चेहरा बघणारा भयंकर मरणानं मरतो, ही जंगलातली जुनी म्हण सगळ्यांना आठवत असेल. सिनेमात हाडामांसाचा माणूस उभा केला की त्याचे डोळे दाखवावेच लागतात. १९९६ मध्ये झेनचे डोळे दिसतात. चांगले आहेत, प्रेमळ आहेत. पण प्रेमळ डोळे दिसले की भूत संपतं आणि एक भला माणूस उरतो. गावभागकर, तुमच्या मामांना भला माणूस आवडला. मला लहानपणी भूत आवडायचं.

आणखी एक. ली फॉक स्वतः नाटकवाला होता हे फार जणांना माहीत नसतं. त्यानं सुमारे तीनशे नाटकांची निर्मिती केली आणि शंभरेक बसवली. म्हणून त्याच्या कथांत प्रवेश इतके नेमके असतात. वेताळ येण्याआधी त्याच्याबद्दल दोन माणसं बोलतात, तिसरा हसतो, मग ढोल वाजतो, मग तो दिसतो. १८४३ मध्ये याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्यातही राक्षस येण्याआधी आरडाओरडा व्हायचा. पात्राला वाट करून द्यावी लागते. सिनेमावाले घाईत असतात, पहिल्या पाच मिनिटांत नायक दाखवून मोकळे होतात.

---

आमराई

सगळे इतक्या प्रेमानं लिहीत आहेत, पण कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. मीही वेताळ वाचतच मोठी झाले. घरात भावासाठी यायचा, आधी मी वाचायचे.

गोरा माणूस चारशे वर्षं जंगलात सिंहासनावर बसतो आणि काळी माणसं त्याला देव मानतात. लहानपणी कळलं नाही, आता पान उलटताना हात थांबतो. इंद्रजालच्या संपादकांनाही काही गोष्टी खटकल्या असणार. मूळ कथेत देशाचं नाव बंगालवरून होतं आणि चाच्यांची टोळी 'सिंग' आडनावाची. आपल्याकडं छापताना देशाचं 'देंकाली' झालं, टोळीचं 'सिंगा' झालं. नावं बदलून आपल्यापुरती सोय झाली. सिनेमात माणसं खरी दिसतात, तिथं नुसत्या नावानं भागत नाही.

माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत मोठा सिनेमा न येण्यामागं हेही एक कारण असावं. २०१० च्या टीव्हीवरच्या दोन भागांत त्यांनी बाविसावा वेताळ आणला, काळ आजचा घेतला आणि पोशाख पार बदलून टाकला. प्रश्न तिथंच राहिला आणि जांभळा रंगही गेला.

पण फॉकनं स्वतः काही गोष्टी सुधारत नेल्या होत्या हेही सांगायला हवं. पुढच्या काळात त्या देशात लोकांनी निवडलेला काळा राष्ट्राध्यक्ष आला, लुआगा. वेताळाची प्रेयसी डायना, तिला त्यानं सुरुवातीपासून धीट ठेवलं, संयुक्त राष्ट्रांत नोकरी दिली, आणि लग्न थेट १९७७ मध्ये, म्हणजे ओळखीनंतर चाळीसेक वर्षांनी लावलं. मला सिनेमा करायला दिला तर मी गुरानच्या, म्हणजे जंगलातल्या बांदार जमातीच्या प्रमुखाच्या तोंडून सांगेन. बांदार लोकांना पहिल्यापासून ठाऊक आहे की हा माणूस मरतो. त्यांनीच वीस वेताळांना मूठमाती दिली आहे. तरी ते बाहेर सांगत नाहीत. का सांगत नाहीत, हा माझा सिनेमा.

---

माहुलीकर

आमराई, हे वाचून गप्प बसलो दहा मिनिटं. गुरानच्या बाजूनं कथा हा विचार मी कधी केला नव्हता. रहस्य खरं म्हणजे तेच राखतात. हा सिनेमा गंभीरपणे केलेला मला चालेल.

---

गावभागकर

सगळ्यांचे आभार. आमराई यांचा प्रतिसाद मी मामाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग ट्रंकेतून एक गठ्ठा काढला आणि एका पानावर बोट ठेवलं. गुहेत आधीच्या वेताळांच्या थडग्यांची रांग आहे आणि वेताळ एकटा दिवा घेऊन उभा आहे. मागं गुरान आहे, अगदी छोटा काढलाय. मामा म्हणाला, "साठ वर्षं हे पान बघतोय. ह्याच्याकडं कधी बघितलंच नाही."

रंगपट, तुम्ही म्हणता ते भूत १९४३ च्या मालिकेत थोडं सापडेल. कृष्णधवल आहे, मुखवट्यामागं सावली पडते, आणि टायलर फार कमी हलतो. तुम्ही सांगितलेली मान आणि खांद्याची गोष्ट त्याला माहीत असावी.

आम्ही ठरवलंय की ती मालिका जशी दाखवायचे तशीच बघायची, दर रविवारी एक भाग, मामाच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळी सहाला. पंधरा भाग म्हणजे पंधरा रविवार. हळदपेठ, तुमचा तो पिवळा अंक आणा. यायचं असेल त्यांनी मला व्यक्तिगत निरोप करा, पत्ता कळवतो. जिना अरुंद आहे, वीस जण बसतील.

---

रंगपट

मी येते. सतरंजी लागेल का?

---

माहुलीकर

साताऱ्याहून दोघं. पहिला भाग चुकवायचा नाही, त्यामुळं आम्ही पोचेपर्यंत थांबा.

---

गावभागकर

थांबतो. सतरंजी आणा, वरची एक पुरात गेली.